एका भांड्याचं पाणी

धाकटीने शेळीचा कान तिसऱ्यांदा पुसला. कान ताठ काढला की शेळी घाबरलेली दिसे, पाडला की आजारी. प्रार्थनाघराच्या भिंतीवर वाघ आणि शेळी एकाच भांड्यातून पाणी पीत होती, आणि शांततेचं हे चित्र संध्याकाळच्या प्रार्थनेआधी पुरं व्हायचं होतं.

वाघ दादाचा. घरची रीतच तशी होती: वाघ थोरल्याने रंगवायचा, शेळी धाकट्याने, डोळे मात्र एकमेकांच्या जनावराचे करायचे. त्याशिवाय चित्रात सलोखा उतरत नाही, असं वडील म्हणत. वडील गेले आणि त्यांचे कुंचले कुणी घ्यायचे यावरून दोघांचं बोलणं बंद झालं, त्याला दोन वर्षं झाली. कुंचल्यांना एव्हाना कसर लागली होती. आता दोघं हातभर अंतरावर उभी राहून तिथल्या व्यवस्थापकामार्फत बोलत. वाघाची मिशी माझ्या शेळीच्या नाकात चाललीय, असं ती व्यवस्थापकाला सांगे. तो मान वळवून तेच दादाला सांगे. बिचाऱ्यावर मानेला पट्टा लावायची वेळ आली होती.

एक गोष्ट मात्र तिने त्याच्याकरवीही सांगितली नव्हती. सोमवारपासून ती प्राणिसंग्रहालयात पाट्या रंगवायला जाणार होती. 'पिंजऱ्याजवळ जाऊ नये', 'जनावरांना डिवचू नये', असल्या. नेमणुकीचं पत्र चार दिवस तिच्या रंगांच्या पिशवीत डब्यांखाली होतं. आता सांगू, जेवण झाल्यावर सांगू, असं करत ती सकाळपासून सहा वेळा हात धुऊन आली. आपण गेल्यावर दादाच्या वाघाला डोळे कोण देणार, एवढं काही धुऊन जाईना.

सातव्यांदा परतली तेव्हा तिच्या पिशवीतले डबे बाहेर काढलेले होते आणि दादाने शेळीचे डोळे करून टाकले होते. व्यवस्थापक कमरेवर हात ठेवून भिंतीसमोर उभा होता.

"नजर पाण्यावर हवी ना?" तो म्हणाला. "ही तर दाराकडे बघतेय."

खरंच बघत होती. तोंड भांड्यात, नजर थेट दाराबाहेर, आणि भीती कणभर नाही.

दादा कुंचला पुसत राहिला.

"पाणी पिऊन झालंय तिचं," तो म्हणाला. "जाऊ दे तिला."

व्यवस्थापकाने सवयीने मान वळवली, निरोप पोचवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

वाघाचे डोळे अजून कोरे होते. धाकटी फळीवर चढली. कुंचला काळ्या रंगात बुडवला, निथळू दिला, पुन्हा बुडवला.

"दादा," तिने विचारलं, "याला कुठे बघायला लावू?"