ती बाहेर कशी येते

मला पाहायला आलेला हा चौथा. आधीच्या तिघांपैकी एकाने मला अंगणात चालून दाखवायला लावलं होतं, त्यामुळे चहाचा ट्रे ठेवतानाच माझं डोकं तापलेलं होतं. त्यात याचं नाव कारभारी. "लग्नाच्या आधीच नवरा होऊन आलाय," गोपिका आत्या माझ्या कानात पुटपुटली, आणि मला हसू आवरेना.

कारभारी आमच्या जाफराबादकडचाच, पण गुरुजीची नोकरी लागली ती थेट कोकणात, डोंगर उतरला की समुद्र अशा गावात. माझ्या वडिलांना, आबांना, तेवढंच खटकत होतं. टेंभुर्णीची पोर द्यायची तर फार फार तर जालन्यापर्यंत, असं त्यांचं म्हणणं.

"काय हाय तिथं?" त्यांनी विचारलं.

पगार, खोली, शाळा हे सांगायचं सोडून हा गडी प्राण्यांवर घसरला. कासवीण समुद्रातून वर येते, वाळूत अंडी घालते आणि मागे न पाहता निघून जाते. पावसाळ्यात कुजकं लाकूड रात्री उजेड देतं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा लांब जातं आणि परत येतं.

"गेलेलं पाणी परत येतं?" आबांनी सुपारी कातरायची थांबवली. "आमच्या हिकडं तर कधी आलं न्हाई."

"येतं मामा. बिलकुल येतं."

आत्याने तोंडाला पदर लावला. मी मान खाली घालून बसले होते, पण खरं सांगते, मला त्या लाकडाला हात लावून पाहावासा वाटत होता.

मग तो धनेश नावाच्या पक्ष्यावर आला. चोच हातभर. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड लिंपून बंद होतं, एवढीशी फट उरते, आणि नर बाहेरून तिला फळं भरवत राहतो.

"बास," आबा म्हणाले. "बाईला कोंडून ठिवायची रीत दिसती त्या मुलखात. पाखरं बी तेच शिकली. गुरुजी, थापा मारायला माझंच घर सापडलं व्हय?"

कारभारीचा चेहरा उतरला. रीत म्हणून आत्या त्याला म्हणाली, "पोरीला काही इचारायचं आसंल तर इचारा." त्याने मानेनेच नाही म्हटलं. मला त्याचं वाईट वाटलं आणि रागही आला. अर्धी गोष्ट सोडून चालला होता.

"मला विचारायचंय," मी म्हणाले. "ती बाहेर कशी येते?"

आबांचा अडकित्ता हातातच राहिला. कारभारी गोंधळला.

"ते म्या न्हाई पाह्यलं," तो म्हणाला. "दर साली ती आत आसतानाच सुट्टी लागती, मंग मी हिकडं येतो."

पाहुणे गेल्यावर आबा करवादत बसले. मी म्हटलं, "आबा, थापाड्या माणूस एवढ्यावर आडला आसता का? गोष्टीत तिला बाहेर काढायला त्याला काय खर्च होता?"

आबांनी अडकित्ता परत उचलला. आठवडाभरात आमच्या लग्नाची सुपारी फुटली.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही टेंभुर्णीला गेलोच नाही. रोज सकाळी भाकरी बांधून धनेशाच्या झाडाखाली जाऊन बसायचो. कारभारी आधी वर पाहून पाहून मान मोडून घ्यायचा, मग डुलक्या काढायचा. मी मात्र ढोलीवरून नजर हटवली नाही.

नंतर तालुक्याच्या बाजारात जाऊन एसटीडी बूथवरून गावी शेजाऱ्यांच्या घरी फोन लावला. लग्नानंतरची पहिली सुट्टी आणि लेक माहेरी नाही, म्हणून मी बोलणी खायच्या तयारीत होते. आबा धापा टाकत फोनवर आले. कशी आहेस नाही, काही नाही.

"निघाली का ती भाईर?"

"निघाली आबा. भिंत तिनंच फोडली, आतून. लिंपली बी तिनंच व्हती."



"मंग बराबर हाय," आबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आन् ते पाणी? खरंच परत येतं?"

"दिवसातून दोनदा, आबा."

"मंग तू बी येत जाय," ते म्हणाले.