गावात कोणी बिमार नाही

ऐंशी सालच्या हिवाळ्यात पिंपळझरीला ज्वारी चांगली झाली, आणि तिथूनच रुख्माबाईच्या जिवाला घोर लागला. पीक उणं असतं तर लोकांनी घाबरून देवाला, दवाखान्याला, जे हाताशी येईल त्याला धरून ठेवलं असतं. पण घरात दाणा भरला की माणसाला वाटतं, आता आपल्याला काय होतंय!

दवाखान्याचं आणि गावाचं ठरलं होतं ते असं. खळी उठली की प्रत्येक घरानं दवाखान्यासाठी ज्वारी घालायची. ज्याचं शेत मोठं त्यानं जास्त, मजुरानं पायलीभर. त्याच्या बदल्यात वर्षभर दर मंगळवारी दवाखान्याची जीप येणार, सिस्टर तपासणार, गोळ्या-औषध देणार, आणि कोणाला भरती करायची पाळी आली तर त्याच जीपमधून नेणार, खर्च दवाखान्याचा. अट एकच. गावातल्या चारांतली तीन घरं तरी यायला पाहिजेत. नाही आली तर वर्षभरासाठी गावाचं नाव कटलं, जीप पुढच्या गावाची.

पहिल्या वर्षी नवलाई होती. जीप आली म्हणताच पोरं धावत, म्हातारे काठी टेकत येत. यंदा नवलाई फिटली होती, आणि बंडूजीनं गल्लीत सांगून ठेवलं होतं की आपण दाणाही घालणार नाही. बंडूजी म्हणजे खालच्या आळीचा कर्ता माणूस. तो ज्या अंगावर झोपे, त्या अंगावर खालची आळी झोपे.

इकडे रुख्माबाईच्या घरात जयवंता होती. तिची एकुलती लेक, सातवा महिना सरत आलेला. पहिलं बाळंतपण सासरी झालं होतं. लेकरू आलं, पण रडलंच नाही. या खेपेला रुख्माबाईनं तिला लवकर आणली आणि आतल्या खोलीत ठेवली. पहिलं गेलेलं, दुसरं राहिलेलं. अशा लेकीचं पोट कोणाच्या नजरेत येऊ द्यायचं नसतं, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. पण सिस्टरला तर दाखवायचं होतं. मग तिनं गावात उठवून दिलं की आपला डोळा दुखतो. त्या निमित्तानं प्रमिलाबाई सिस्टर मागच्या परसातून घरात येई. बायका विहिरीवर विचारत, "कसा हाय वो डोया?" रुख्माबाई कधी डावा सांगे, कधी उजवा.

मागच्या मंगळवारी सिस्टरनं जयवंताचा पाय अंगठ्यानं दाबला. खळगा पडला, आणि तो काही लवकर भरेना. दंडाला पट्टा बांधून पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. मग ती रुख्माबाईला न्हाणीपाशी घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "हिचं बाळंतपण घरी करायचं नाही. पुढच्या मंगळवारी मी हिला सोबतच नेते. त्याआधी डोकं दुखलं, डोळ्यांपुढं चमकलं, तर थांबायचं नाही."

"अन् गावाचं नाव कटलं तर?"

सिस्टर पिशवी आवरत राहिली.

गावाचं नाव राहायचं की कटायचं ते रविवारी ठरायचं होतं.

रविवारी दिवस कलताना शाळेच्या ओट्यावर सभा भरली. दवाखान्याचे तरुण डॉक्टर खुर्चीवर, पुरुष सतरंजीवर, बायका भिंतीशी. नत्थूजी पायली घेऊन ज्वारीच्या रिकाम्या पोत्यापाशी बसला होता. गावातलं मापणं त्याच्याकडेच असे. रुख्माबाई खांबाआड बसली. नवरा अण्णाजी पुढं बसला होता, पण त्याचा काही भरवसा नव्हता. सभेत तो तंबाखू चोळायलाच जाई.

बंडूजी उठला. गळ्यातला दुपट्टा तोंडापुढं धरून बोलायची त्याला नवीन सवय लागली होती.

"डाक्टरसाहेब, मांगच्या साली म्या ज्वारी घातली. माह्या घरात सालभर कोनी शिंकलं नाई. मंग माही ज्वारी गेली कुठी? वापस करा."

"हाव ना!" खालची आळी म्हणाली.

डॉक्टर हसून म्हणाले, "बंडूजी, घरात कोणी आजारी पडलं नाही, ही तर आनंदाची गोष्ट आहे."

"आनंद माहा, अन् ज्वारी तुमाले काऊन द्याची?"

हशा झाला. डॉक्टरही हसले, पण त्यांच्या कपाळाला घाम दिसला. ते समजावून सांगू लागले. एकाची ज्वारी दुसऱ्याच्या कामी येते, दुसऱ्याची तिसऱ्याच्या. आज तुम्ही, उद्या तो. तेवढ्यात नत्थूजीनं वेगळीच अडचण काढली.

"मले एक सांगा साहेब. मापताना पयल्या पायलीले आमी एक म्हनत नाई, लाभ म्हनतो. आता बिमारीच्या नावानं दाना काढाचा अन् वरून लाभ म्हनाचं? बिमारीले आवतनच झालं ना मंग! मांगच्या साली म्या मुक्यानंच मापलं. यंदा मी पायलीले हातच लावत नाई."

माना हलल्या. दाणे काढून ठेवले की आजार घर पाहून ठेवतो, हे पुष्कळांच्या मनात होतंच. नत्थूजीनं फक्त तोंडावर आणलं.

डॉक्टर उभे राहिले. "बरं, असं करू. मागच्या वर्षी ज्यांच्या घरी कोणी आजारी होतं, त्यांनी हात वर करा."

एक हात वर गेला नाही.

रुख्माबाईनं सभेवरून नजर फिरवली. तिच्या परसातून सिस्टर पुढं कुठं कुठं जाई, ते तिनं पाहिलं होतं. कोणाच्या न्हाणीत, कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या कडब्याच्या गंजीआड. लग्नाची पोट्टी आहे म्हणून अनुसयाबाईनं अंगावरचा चट्टा लपवला होता. बंडूजीची बायको सुलोचना वर्षभर पदराआड खोकल्याच्या गोळ्या नेत होती, आणि सुलोचनाला खोकला नव्हता. साऱ्या गावानं वर्षभर औषध खाल्लं होतं, आणि साऱ्या गावात कोणी बिमार नव्हतं. तीच तरी काय वेगळी होती? कधी डावा, कधी उजवा.

"पाह्यलं?" बंडूजी म्हणाला. "एकही नाई. मंग ह्या जीपले पोसाचं कायले?"

लोक उठू लागले. कोणी चपला शोधत होतं. रुख्माबाईच्या मनात आलं, आत्ता इथं बंडूजीचा दुपट्टा ओढावा आणि विचारावं, हे तोंडावर काऊन धरून राह्यले? पण घरचं झाकलेलं उघडं पडलं की कसं होतं, ते तिला दुसऱ्याच्या अंगावर करून पाहायचं नव्हतं. मग उरलं काय? स्वतःचं.

ती खांबाआडून पुढं आली.

"बसा जी जरासक," ती म्हणाली. आवाज मोठा करायला गेली तो चिरकला. "माहा डोया दुखत नाई. इतके दिस खोटं बोलली मी. माही जयवंता घरात हाय. आठवा लागते तिले. पायावर सूज हाय, सिस्टर म्हनते घरी बाळंतपन केलं तर काई खरं नाई. पयलं कसं गेलं, ते तुमाले ठाऊक हाय. आता लावा नजर, कोनाले लावाची त्याले. पन जीप बंद नका करू."

अण्णाजीच्या हातातली तंबाखू सांडली.

"अवो, पोट्टी घरात हाय अन् सांगतली नाई?" अनुसयाबाई रागानं म्हणाली. मग थोडं थांबून, पोरीच्या लग्नाचा विचार बहुतेक करून झाल्यावर, म्हणाली, "माह्या अंगावर चट्टा हाय. जाऊन राह्यला गोळ्यायनं. लिहा साहेब."

मागून कोणी मूळव्याध म्हणालं. कोणी लेकराची हगवण. पण खालची आळी बंडूजीकडं पाहत होती, आणि बंडूजी कोणाकडं न पाहता ओटा उतरला. "मी काई बिमार नाई," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या मागं त्याची माणसं गेली.

रुख्माबाईनं सोबत आणलेली ज्वारी पोत्याच्या तोंडाशी ठेवली. नत्थूजीनं तिच्याकडं पाहिलं, पायली भरली, हातानं सपाट केली, आणि सभेच्या पार टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "लाभ!"

तरी घरं पुरेनात. डॉक्टर म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत वाट पाहू. सोमवारी रुख्माबाईनं भाकरी थापली ती एका अंगानं करपली, दुसरी थापली तीही करपली. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या तर ठसका आला नाही, म्हणजे नजर लागली होती. किंवा मिरच्या जुन्या होत्या. तिनं नव्या आणून पुन्हा ओवाळल्या. दिवस बुडता बुडता सुलोचना डोक्यावर टोपलं घेऊन शाळेकडे गेली. वाटेत रुख्माबाईच्या दारात थांबली.

"त्याईनं पाठवली," ती म्हणाली. "म्हनते, मी काई बिमार नाई, पन पोट्टीच्या नावानं घाल." आणि तिच्या मागं खालच्या आळीच्या बायका, एकीमागं एक टोपली घेऊन.

गावाचं नाव राहिलं. रुख्माबाई त्या रात्री झोपली.

मंगळवारी सकाळी जयवंता उठून बसली ती डोकं धरून. "माय, डोयापुढे काजवे चमकून राह्यले."

रुख्माबाईनं तिला दंडाला धरून शाळेपाशी आणली, आणि ती जागीच थबकली. जीप भरली होती. सालभर जे गोठ्यात आणि गंजीआड दडलं होतं, ते सारं एका दिवसात उजेडात आलं होतं. अनुसयाबाई, मूळव्याधवाला, हगवणीचं लेकरू आणि त्याची आई, मांडीवर मांडी, दाटीवाटीनं. जे आजवर सांगत नव्हते, ते आता उतरायला तयार नव्हते. आणि समोर, डायवरच्या बाजूच्या सीटवर, घोंगडी पांघरून बंडूजी. त्याला छातीचा फोटो काढायला न्यायचं होतं.

प्रमिलाबाई सिस्टरनं जयवंताचा चेहरा पाहिला आणि ओरडली, "जागा करा! आत्ताच्या आत्ता!"

मागचे एकमेकांकडं पाहू लागले. "माह्याच्यानं पायी चालनं व्हत नाई," कोणी म्हणालं. "लेकराले कसं उतरवू?" रुख्माबाईला वाटलं, आपणच या लोकांचं तोंड उघडलं, आणि आपल्याच लेकीची जागा घालवली. तिच्या हातात जयवंताचा हात थंड पडत होता.

समोरचं दार वाजलं. बंडूजी खाली उतरला. उतरताना त्याला उबळ आली, दुपट्टा तोंडावर दाबून तो तसाच वाकून उभा राहिला. मग सरळ झाला.

"बस पोरी," तो म्हणाला. "मी काई बिमार नाई."

सिस्टरनं जयवंताला समोर बसवलं. रुख्माबाई मागं कोणाच्या तरी पायांत शिरली. जीप हलली. मागच्या उघड्या तोंडातून तिला दिसत राहिलं. बंडूजी शाळेच्या ओट्याला टेकून बसला होता, आणि त्याचे खांदे पुन्हा हलत होते. धूळ आली तरी ती पाहत राहिली.

"डायवरभौ," तिनं मागून हाक दिली, "पुढच्या मंगळवारी ही समोरची सीट राखून ठेवजा."

"कोणासाठी?"

"आमच्या गावात एक जन बिमार नाई," रुख्माबाई म्हणाली, "त्याच्यासाठी."