बर्फाबाहेरची वीस मिनिटं

सरांनी आकड्यांचा कागद खाली ठेवला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ताई, नळ्या पूर्ण वेळ बर्फात होत्या ना?"

"हो."

एकोणीस वर्षांच्या नोकरीत ती प्रयोगशाळेत प्रथमच खोटं बोलली होती. तिथे सगळे तिला ताईच म्हणत, वयाने मोठे असलेले सरसुद्धा. तिच्या हातचं काम कुणी तपासून बघत नसे.

पांढऱ्या उंदरांच्या मांडीत कर्करोगाची गाठ वाढली की तिथून दूर असलेल्या धडधाकट यकृताचं काय होतं, हे सर शोधत होते. यकृताच्या पेशींत स्टेरॉइड हार्मोन धरून ठेवणारे रिसेप्टर असतात. गाठीमुळे ते घटतात, असा सरांचा अंदाज. रिसेप्टर भारी नाजूक. बर्फाबाहेर राहिले की निकामी व्हायला लागतात.

मोजणी होती त्या मंगळवारी बहिणीचा फोन आला. भाओजींनी नळ दुरुस्त करायला घेतला आणि घराचं तळं करून ठेवलं, हे ऐकून ताई व्हरांड्यात पोट धरून हसली. परत आली तर गाठीच्या उंदरांच्या यकृताचा अर्क भरलेल्या बारा नळ्या टेबलावरच होत्या. वीस मिनिटं. तिने त्या गुपचूप बर्फात खोचल्या.

गाठीच्या उंदरांत रिसेप्टर बिनगाठीच्या उंदरांपेक्षा निम्मेच निघाले. सर खूश झाले, त्यांची विद्यार्थिनी प्रबंधाचं प्रकरण लिहायला बसली. ताईने ते प्रकरण वाचायचं टाळलं.

दहाव्या दिवशी उंदरांची निगा राखणारे मामा जिन्यात भेटले. त्यांना कुणीतरी निकाल सांगितला होता.

"पोरं वाया नाही गेली म्हणायची," ते म्हणाले. उंदरांना ते पोरंच म्हणत, यकृतासाठी मारलेल्यांनासुद्धा.

ताई तशीच सरांच्या खोलीत गेली आणि तिने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सरांनी आकड्यांचा कागद काढून त्यावर काट मारली. मग, पुन्हा करावं लागेल, एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. विद्यार्थिनीने तिच्याशी बोलणं टाकलं.

नवे चोवीस उंदीर आले, बारा गाठीचे, बारा बिनगाठीचे. तीन आठवडे गाठी वाढू दिल्या. या वेळी ताई नळ्यांपासून हलली नाही. रिसेप्टर घटले होते, पण निम्मे नाही, जेमतेम पाव हिश्श्याने.

"अंदाज खरा निघाला," सर म्हणाले. "तुम्ही सांगितलं नसतं तर चुकीचा आकडा छापला असता."

विद्यार्थिनीनेही तिच्यासमोर चहाचा कप ठेवला. सगळ्यांच्या लेखी विषय मिटला होता.

संध्याकाळी ताई तळमजल्यावर गेली. मामा मोरीपाशी बसून रिकामे पिंजरे घासत होते.

"मामा, ही चोवीस माझ्यामुळे गेली."

मामांनी नळ बंद केला नाही. "मला कळलंय," ते म्हणाले.

ती बाह्या सरसावून खाली बसली. हे तुमचं काम नाही, असं ते म्हणतील म्हणून ती थांबली. थोड्या वेळाने त्यांनी दुसरा ब्रश धुतला आणि अर्धे पिंजरे तिच्याकडे सरकवले.