एका कपाचे दोन काठ

तापातून उठले आणि मला प्रत्येक वस्तू दोनदा दिसू लागली, एकीच्या वर दुसरी. दिव्याच्या दोन ज्योती, यांच्या मिशांवर आणखी एक मिशी. मिशीचं हसू आलं, पण कपांचं रडूच आलं. कारखान्यात माझं काम कपाच्या काठावर सोनेरी रेघ ओढायचं. कप फिरत्या चाकावर ठेवायचा, कुंचला स्थिर धरायचा आणि रेघ जिथून निघाली तिथंच नेऊन मिळवायची. दोन काठ दिसायला लागले, तर खरा कुठला?

मुकादम भला माणूस. म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत बघू, बाई. नाहीच जमलं तर कप पुसायला बसा." चाकावरचं काम मी वीस वर्षं देवाचं म्हणून केलं होतं. ते सुटणार या धास्तीनं दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा फिरवणारा स्नायू दमलाय, त्या बाजूला पाचरीसारखी काच लावा, एकीकडे जाड, एकीकडे पातळ. दुकानातल्या चष्मेवालीनं मोठ्या मायेनं चष्मा बनवून दिला. "सवय व्हायला वेळ लागेल हं, मावशी."

चष्मा घातला आणि दोन काठ आणखीच लांब गेले.

रोज सकाळी दिवा लावताना मी म्हणते, आज माझ्या तोंडून कुणाची तक्रार निघू नये. हे व्रत लग्नाआधीपासूनचं. म्हणून गप्प राहिले. वाटलं, होईल सवय. एक डोळा मिटून रेघा ओढल्या, त्या गांडुळासारख्या वळवळल्या. मुकादमानं ते कप बाजूला काढून ठेवले.

एका संध्याकाळी धाकट्या नणंदेला चहा ओतत होते.

"वहिनी, कप इकडे आहे. टेबलाला कशाला पाजतेस?"

"सवय होतेय गं हळूहळू."

"कसली सवय? हा चष्मा आहे की शिक्षा? जा, सांग त्या पोरीला."

"मनापासून केलंय तिनं. तक्रार कशी करू?"

"तक्रार नको करूस. दिसतंय तेवढंच सांग. सगळ्यांना 'बरं आहे, बरं आहे' म्हणतेस, ते खोटं देवाला चालतं वाटतं?"

हे मात्र लागलं. खरंच, तोंड बंद ठेवलं म्हणजे मन स्वच्छ राहिलं असं थोडंच असतं!

दुसऱ्या दिवशी दोघी दुकानात गेलो. मी एवढंच म्हटलं, "बाळ, आधी दोन काठांत बोटभर अंतर होतं. आता दोन बोटं आहे."

चष्मेवालीनं चष्मा काढून घेतला, भिंतीवरच्या रेघेसमोर धरला आणि कपाळावर हात मारून घेतला. "उलटी बसवली मी काच! जाड बाजू वर हवी होती, खाली गेली. हवेतून काचेत शिरताना आणि बाहेर पडताना मिळून उजेड जाड बाजूकडे वळतो, मावशी. मग वस्तू पातळ बाजूकडे सरकलेली दिसते. तुमचं वरचं चित्र खाली यायला हवं होतं, मी ते आणखी वर ढकललं."

तिनं पेटीतून एक सुटी काच काढून माझ्या उजव्या डोळ्यासमोर नीट धरली. भिंतीवर दोन घड्याळं होती. वरचं अलगद खाली उतरलं आणि निजलेल्या बाळावर आई पांघरूण घालते तसं खालच्यावर बसलं. एकच घड्याळ! माझे हात आपोआप जोडले गेले. काचेला, त्या पोरीला की काच घडवण्याची बुद्धी देणाऱ्याला, कुणास ठाऊक.

ती रडवेली झाली. "इतके दिवस बोलला का नाहीत? आता मालकांना सांगाल?"

"ही?" नणंद म्हणाली. "हिला डास चावला तर त्यालाच विचारते, पोट भरलं का?"

चष्मेवाली रडता रडता हसली. मी नणंदेचा हात घट्ट धरला. तिच्या जिभेला आम्ही घरात सगळे घाबरतो, त्या दिवशी तीच जीभ माझ्या कामी आली.

नवा चष्मा घालून चाकावर बसले. कप फिरला, कुंचला टेकला. मुकादमानं तो कप उचलून उजेडात गोल गोल फिरवला.

"बाई, सुरुवात कुठून केलीत?"

मी वाकून पाहिलं. मलाही सापडेना.

त्यानं कोऱ्या कपांची पुढची फळी माझ्याकडे सरकवली.