खांडीवरचा नाच

चौलच्या खाडीपल्याड आगरी लोकांचं एक लहानसं गाव होतं. गावाची सगळी भातशेती खाऱ्या जमिनीत. समुद्राला बाहेर ठेवायला एक लांबलचक मातीचा बांध आणि बांधामागे भात. बांध शाबूत तर गाव शाबूत.

केसरचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि जनी नुकती पावलं टाकायला लागली होती, त्या श्रावणातल्या अमावस्येच्या उधाणात बांध फुटला. भरदुपारी पाणी आत घुसलं. गावानं घरांची दारं काढून बांधावर नेली, खाटा नेल्या, पेंढ्याचे भारे नेले, पण बांधाला पडलेली खांड रुंदावतच गेली. केसरचा नवरा अनंता दोघातिघांबरोबर खांडीत उतरला, पाठीला दार लावून पाणी अडवायला. बाकीचे वर आले. अनंता आला नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो दूर तिवरांत सापडला.

त्या वर्षी भात गेलं. जमीन खारावली, तिचं मीठ आणखी दोन पावसाळे तरी धुऊन निघायचं नव्हतं. लोक खाडीच्या चिखलातल्या चिंबोऱ्या नि निवटे मासे खाऊन राहिले. रानातले कंद उकडून पोरांच्या पुढ्यात ठेवले. कार्तिकात भांगाचे, कमी भरतीचे दिवस बघून खांड भरायला घेतली, पण उपाशी माणसं किती चिखल वाहणार? माती पडली, तरी ती तुडवून घट्ट करायला कुणाच्या पायांत जोर नव्हता. तेव्हा अनंताचा चुलता अंबाजी घरी गेला आणि ढोल घेऊन आला.

"नाचा रं," तो म्हणाला. "रडत तुडवाल तर सांजपर्यंत मराल. नाचून तुडवा."

आधी कुणी हललं नाही. मग अंबाजीची बायको मनुबाई ओल्या मातीवर चढली. तिच्यामागून बाया चढल्या, गडी चढले. सांज होईस्तोवर गाव नाचत होतं आणि खालची माती दगडासारखी बसत होती. बायांनी असेल नसेल ते एकाच हंड्यात शिजवलं. ज्यांना त्या हंगामात मुंबईला गिरणीत जायचं होतं, ते खाऊन निघाले. दर कार्तिकात याच दिवशी बांधावर परत यायचं, नवी माती टाकायची आणि नाचायचं, असं तिथंच ठरलं.

केसर घरी होती. ढोल ऐकून ती दाराशी आली आणि लांबून तिनं पाहिलं. तिचा नवरा जिथं बुडाला, तिथं गाव नाचत होतं.

तिनं दार लावून घेतलं आणि त्या सणापुरतं ते कायमचंच लागलं.

दरवर्षी सणाच्या आदल्या दिवशी अंबाजी तिच्या अंगणात येई. म्हातारा घोंगडी सावरत उभा राही.

"येशील का गो, पोरी?"

"मामा, त्या दिवसाचं माझ्या दारात नाव काढू नका."

"अगो, ऐक तरी. तिथं आमी काय म्हणतो—"

"काय म्हणायचं ते म्हणा. माझा माणूस गेला, तुमी नाचता. मला न्हाय ऐकायचं."

अंबाजी मान खाली घालून जाई. दुसऱ्या दिवशी पहाटेच केसर जनीला काखेला मारून, पुढं ती मोठी झाल्यावर हाताला धरून, तरीतून खाडी ओलांडून चौलला आईकडे निघून जाई आणि ढोल थांबल्यावरच परते. एकदा, जनी नऊ वर्षांची असेल, तिनं वाटेत विचारलं, "आये, समदी पोरं बांधावर हायत. आपुन का न्हाय जात?" केसरनं तिच्या थोबाडीत दिली. जनीनं पुन्हा कधी विचारलं नाही. पुढं ती किहीमला लग्न होऊन गेली.

मग एका पावसाळ्यात अंबाजी वारला. त्याआधीच्या उन्हाळ्यात केसरची आईही गेली होती. कार्तिक आला तेव्हा केसरला जायला घर उरलं नव्हतं. ती सुपात वाल घेऊन पडवीत बसून राहिली. बांधावरून आवाज आला तो ढोलाचा नव्हता. गिरणीतल्या पोरांनी वर्गणी काढून अलिबागहून बेंडबाजा आणला होता.

थोड्या वेळानं मनुबाई काठी टेकत आली आणि पायरीवर बसली.

"तुमी गेला न्हाय?" केसरनं विचारलं.

"कशाला? ह्यांचा ढोल न्हाय, अनंताचं गाणं न्हाय. त्या पितळी बाजात काय ऐकू?"

केसरचा हात सुपात थांबला. "कुणाचं गाणं?"

मनुबाईनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुझ्या नवऱ्याचं. त्याचं नाव घेतल्याबिगर म्हाताऱ्यानं कधी ढोलाला हात लावला न्हाय. 'पयला मान अनंताला, दर्याला दिली छाती...' असं सुरू व्हायचं. पयल्या दिवसापासनं."

"मला कुणी सांगितलं न्हाय."

"कुणी सांगायचं? दरसाल तेच सांगाया येत व्हते. तू तोंड उघडू दिलंस?"

केसरनं सूप बाजूला ठेवलं. मग ती म्हणाली, "पुढं काय व्हतं, मामी?"

मनुबाई आठवत राहिली. चाल तिला आली, शब्द येईनात. "पुढं लई व्हतं गो. तो कसा उतरला, दार पाठीला कसं लावलं, समदं. ते म्हणायचे अन् आमी नुसती पयली ओळ झेलायचो. मला तेवढंच येतं."

केसर उठली आणि तशीच बांधावर गेली. इतक्या वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती. लोकांनी दचकून वाट दिली. तिनं सदूला गाठलं. तो अंबाजीचा चुलत नातू, आता सणाचा पुढारी.

"काकी, ते जुनं गाणं व्हय?" तो ओशाळून म्हणाला. "म्हातारा व्हता तोवर चाललं. आमी मुंबईस्नं दोन दिवस येतो. ध्यानात न्हाय राहिलं."

तिनं आणखी चौघांना विचारलं. कुणाला पहिली ओळ येत होती, कुणाला तीही नाही. बेंडवाले थांबून तिच्याकडे पाहत होते.

शिमग्याला जनी माहेरपणाला आली. पोटुशी होती. केसरनं तिला सगळं सांगितलं. बापाच्या नावाचं गाणं होतं, दरसाल गाव गात होतं आणि आपल्यामुळे ते जनीच्या कानावर पडलं नाही.

जनी खाली बघत म्हणाली, "आये, मला ठाव व्हतं."

"काय?"

"पोरी खेळताना म्हणायच्या. मला समदं येत व्हतं, शेवटापतूर."

केसरनं तिचा हात धरला. "मग म्हण ना गो. म्हणून दाखव."

जनीनं तोंड उघडलं, थांबली, पुन्हा प्रयत्न केला. मग मान हलवली. "न्हाय येत आता. घरात तोंडातनं निसटलं तर तू मारशील म्हणून मी ते मनातसुद्धा म्हणायचं सोडलं. सोडता सोडता गेलं."

केसर तिचा हात धरूनच बसली.

पुढल्या कार्तिकात दोघी बांधावर गेल्या. जनीनं तान्हं पोर मनुबाईच्या मांडीवर दिलं आणि ओल्या मातीवर चढली. पोरींच्या खेळात तोच नाच नाचलेले तिचे पाय लगेच तालात पडले. केसरही चढली, पण तिला पाऊल जमेना. बायांनी तिचे हात धरून पाहिलं, मागं-पुढं करून दाखवलं. थोडा वेळ ती त्यांच्यात चुकतमाकत फिरली, मग खाली उतरली आणि मनुबाईच्या शेजारी जाऊन बसली.