जिन्यावरचा पहारा

कोलकात्यात सह्यांचे पंधरा दिवस सुरू झाले की निबारण समाद्दारांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास उरत नसे. ते सोनारबाग युनियनचे फुटबॉल सचिव. या पंधरा दिवसांत खेळाडू ज्या क्लबच्या कागदावर सही करील, त्या क्लबचा तो वर्षभर. म्हणून नावाजलेल्या खेळाडूला क्लबवाले आधीच गाडीत घालून न्यायचे आणि सहीच्या दिवसापर्यंत कुणा नातेवाइकाकडे लपवून ठेवायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मार्च लागला की खेळाडूंच्या बायका नवऱ्याची बॅग भरून दाराशी ठेवत, आणि गाडी आली की गल्लीभर मिरवत.

यंदा लपवलेला माल मोठा होता. मृगांक लाहिडी, गेल्या मोसमात सगळ्यांत जास्त गोल करणारा. त्याला निबारणबाबूंनी चंदननगरला मेव्हणीच्या घरी, वरच्या खोलीत ठेवलं होतं.

खरं तर गोल करणारे विकत आणणं हा त्यांचा पिंड नव्हता. वीस वर्षं त्यांनी संघ मागून पुढे बांधला. जिल्ह्याजिल्ह्यातली मैदानं तुडवायची, दणकट पोरं हेरायची, आधी बचावाची भिंत उभी करायची, मग पुढचं बघायचं. प्रतिस्पर्धी शिवतला क्लबची तऱ्हा उलटी: पुढे पाच राजे आणि मागे भगदाड. निबारणबाबू त्यांना मनसोक्त हसायचे. पण पाच वर्षं लीग आली नाही, आणि वार्षिक सभेत सभासदांनी खुर्च्या फेकल्या. ‘गोल करणारा आणा, लीग जिंका, नाहीतर सचिवपद सोडा!’ त्या पदावाचून निबारणबाबूंना आयुष्यात दुसरं काही नव्हतं. बायकोनेही हे त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

त्यामुळे चंदननगरला त्यांनी उच्छाद मांडला. समोरच्या फुटपाथवर लिंबाच्या गोळ्या विकणारा लोझेन्सवाला त्यांना शिवतलाचा हेर वाटला. फोन वाजून कुणी बोललं नाही तेव्हा त्यांनी तारच उपटली. तिसऱ्या दिवशी मासळीवाला बदलला, तेव्हा पाबदा माशाचं कालवण त्यांनी आधी स्वतः चाखलं.

“जामाईबाबू,” मेव्हणी शेफाली कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “विष घालून त्यांना काय मिळणार? त्यांना तो खेळायला हवाय ना?”

“झोपेचं औषध घालतील. तुला नाही कळायचं.”

“मग तुम्हीच खा अख्खं. निदान तुम्ही तरी झोपाल.”

एका माणसाच्या बाबतीत मात्र त्यांना घोर नव्हता. जिन्याच्या पायथ्याशी वेताच्या बुटक्या स्टुलावर तारापद माइती पहाऱ्याला बसला होता. अकरा वर्षं तो सोनारबागचा स्टॉपर, बचावाच्या मधोमध उभा राहणारा. काँथी गावच्या चिखलातून निबारणबाबूंनीच त्याला आणलेला. मैदानावर त्याला चुकवून जाणं जड, इथे तर जिनाच अरुंद.

दुपारी मृगांक खाली येऊन त्याच्याशी पत्ते खेळायचा.

“तारादा, मी वीस गोल केले की लीग आपली,” तो पान टाकत म्हणाला.

“आणि पंचवीस खाल्ले तर?”

“खायला तू कशाला देशील? तू आहेस ना मागे.”

“मी आहेच,” तारापद म्हणाला. मग त्याने निबारणबाबूंकडे पाहिलं. “दादा, माझ्या सहीचं काय?”

निबारणबाबू खिडकीच्या फटीतून लोझेन्सवाल्यावर नजर ठेवून होते. “तुझी? उरकू रे शेवटच्या दिवशी. तू कुठे पळतोयस?”

तारापद हसला आणि पत्ते पिसत बसला.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, “मुलीला ताप आहे, घरी जाऊन येतो. सकाळी परस्पर असोसिएशनच्या कचेरीत भेटेन.” निबारणबाबूंनी मान हलवली. त्यांचं डोकं ड्रायव्हरपाशी होतं. ड्रायव्हर आज जरा जास्तच गोड बोलत होता.

सकाळी त्यांनी मृगांकला शाल पांघरवून गाडीत दोन कार्यकर्त्यांच्या मध्ये कोंबलं. श्रीरामपूरला गाडी बदलली. बालीच्या पुलाआधी पुन्हा बदलली. मागे एक काळी गाडी दिसली तेव्हा त्यांनी मृगांकचं डोकं खाली दाबलं. ती वरातीची निघाली. असोसिएशनच्या कचेरीत मृगांकने सही केली, तेव्हा कुठे त्यांनी पोटभर श्वास घेतला. बाहेर ढाक वाजू लागला, गुलाल उडाला, खुर्च्या फेकणारेच आता त्यांना खांद्यावर घेऊ पाहत होते. पाच वर्षांत त्यांना इतकं सुख झालं नव्हतं.

तेवढ्यात शिवतलाच्या सचिवाची गाडी फाटकाशी थांबली. काचांना पडदे होते. आतून तारापद उतरला. गळ्यात झेंडूचा हार, अंगावर नवा पंजाबी कुर्ता, हातात बॅग.

निबारणबाबू गर्दी फोडून त्याच्यापाशी गेले. “तारा! तुला उचललं? जबरदस्ती केली? बोल, आत्ता पोलीस बोलावतो!”

“नाही, दादा. मी सही करायलाच आलोय.”

“त्यांनी काय दिलं तुला? मी दिलं असतं की!”

“तुम्ही देता तेवढंच.”

“मग? अकरा वर्षं मी ज्याच्या जिवावर... सगळ्या जगावर संशय घेतला मी, फक्त तुझ्यावर नाही!”

“तेच तर.” तारापदने मान खाली घातली, पण आवाज पडला नाही. “पहाटे हे लोक घरी आले. गल्ली जागी झाली. वाटेत दोनदा गाडी बदलली, दादा. माझ्यासाठी. तुम्ही मागे लागाल या भीतीने.”

निबारणबाबूंनी त्याच्या हातातल्या बॅगेकडे पाहिलं. निळी, जुनीच, पण कोरीच्या कोरी.

“बायको दर मार्चला भरून ठेवायची,” तारापद म्हणाला. “अकरा वर्षं. महिना संपला की कपडे काढून परत कपाटात लावायची.”

तो कचेरीचा जिना चढून वर गेला. निबारणबाबू त्याला अडवायला पुढे झाले नाहीत. त्यांच्या खिशात तारापदच्या नावाचा कागद होता, दुपारी सवडीने उरकायचा म्हणून ठेवलेला.