मानेमागचा हूक

चांदीच्या त्या दुकानात मखमलीच्या खोट्या माना नव्हत्या. बाकीच्या दुकानांत असतात, काळ्या, बिनडोक्याच्या, आणि त्यांच्यावर हार लटकत असतात. इथल्या मालकीणबाईंना, म्हणजे ताईंना, त्यांचा मनस्वी तिटकारा होता. स्टर्लिंग चांदीचा एकेक नेकलेस ताई स्वतः कागदावर काढत, कारागिराच्या मागे लागून घडवून घेत आणि म्हणत, "चांदी कातडीवर बघायची असते." म्हणून काउंटरवरच्या मुलीच ते नेकलेस दिवसभर घालून उभ्या राहत. गिऱ्हाईक आत आलं की त्यांच्या गळ्यांवरून नजर फिरवी आणि "ते दाखवा" म्हणे. चालत्याबोलत्या शोकेसच त्या.

कुणाच्या गळ्यात काय शोभेल हे ठरवायचं मावशीनं. ती दुकानात सगळ्यांत जुनी. स्वतःच्या गळ्यावर सुरकुत्या आल्यापासून ती काही घालत नसे, पण तिची नजर पक्की होती. आखूड मानेची बाई गळाबंद नेकलेससाठी हटून बसली, तर "घ्या की, पण आधी हा लांब तेवढा घालून बघा, उंची दिसते," असं म्हणून ती तिला अलगद आरशापुढे नेई. बाई लांबच घेऊन जाई, वर स्वतःच्या पसंतीवर खूश होई.

मावशीला सगळं दुकान मावशी म्हणे, पण ती खरी मावशी एकटीची, झिपरीची. झिपरी तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी डोक्याला फणी लावू द्यायची नाही म्हणून घरात पडलेलं नाव, ते दुकानातही आलं. मावशीला मूलबाळ नव्हतं. जे काही कौतुक होतं ते या पोरीचं. ताईंकडे शब्द टाकून तिनंच तिला इथं चिकटवलं होतं. बाकीच्या मुली आपापला हूक आपणच लावत. झिपरीचा मात्र मावशी लावी. मागून केस वर धरायची, हूक अडकवायची, पेंडंट मधोमध आहे ना ते आरशात बघायची आणि मगच तिला काउंटरवर सोडायची. "नवरी निघाली!" असं बडबडी, म्हणजे दुसरी सेल्सगर्ल, रोज ओरडे.

ताईंनी प्रदर्शनासाठी एक पानांचा नेकलेस केला. पातळ, हातानं ठोकलेली पानं, एकात एक गुंतलेली. तो झिपरीच्याच गळ्यात जावा हे सांगायची गरजच नव्हती. पोरीच्या गळ्याची हाडं अशी, की पानं तिथं टेकली की वाटावं, ती तिथंच उगवली आहेत. लोक थांबून बघायला लागले.

आणि तो काळा पडायला लागला.

चांदी काळी पडते, त्यात नवल नाही. पण महिनोन्‌महिने जातात. हा संध्याकाळपर्यंत मागच्या बाजूनं काळवंडे, मानेमागं, हुकाच्या दोन्हीकडं. पॉलिश करायचा, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ताईंनी झिपरीला अत्तर बंद करायला लावलं, क्रीम बंद करायला लावलं. पोरगी नुसत्या पाण्यानं मान धुऊन येऊ लागली. काही फरक नाही. प्रदर्शन तोंडावर आलेलं, ताईंचा पारा चढलेला. एका संध्याकाळी त्यांनी नेकलेस काउंटरवर ठेवला आणि सगळ्यांना विचारलं, "हे चाललंय काय?"

मावशीचा जीव टांगणीला लागला होता. शब्द आपण टाकलेला, उद्या सगळं आपल्यावर शेकायला नको, एवढंच तिच्या डोक्यात. तिच्या जिभेला नाहीतरी हाड कमीच. ती पुढं झाली, झिपरीची कॉलर मागं ओढून मान सगळ्यांना दाखवली आणि म्हणाली, "हिचा घामच तसा आहे, ताई. आमच्याकडचं नाही हं हे. हिच्या बापाकडच्या सगळ्यांची कातडी अशीच. चांदी टिकायची नाही हिच्या अंगावर."

बडबडी हसली. मग कुणीच हसलं नाही. ताई म्हणाल्या, "असं असेल तर काउंटरवर कशी ठेवू हिला?" झिपरीनं कॉलर सरळ केली, पर्स घेतली आणि ती निघून गेली. रात्री बहिणीचा फोन आला. "परक्यानं बोललं असतं तर मी भांडले असते. तुझ्याशी काय बोलू?" एवढं म्हणून तिनं तो ठेवला.

नेकलेस बडबडीच्या गळ्यात गेला. त्याचा हूक बारीक आणि घट्ट, तिला एकटीला जमेना. मावशीनं लावून दिला. संध्याकाळी काढला तेव्हा तो मागच्या बाजूनं काळा होता.

"आता माझ्या बापाकडचं बघा काय ते," बडबडी म्हणाली.

मावशीनं नेकलेस दिव्याखाली धरला. पानं मानेला टेकतात तिथं काळे डाग नव्हतेच. ते वरच्या अंगाला होते, बोटांच्या पेरांएवढे. तिनं आपला अंगठा नि बोट त्यांच्यावर ठेवून पाहिलं. बरोबर बसले. मग तिनं बोटं नाकाशी नेली. मलमाचा वास होता.

घरी तिचे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या अंगाला खाज सुटायची, म्हणून डॉक्टरांनी हल्लीच गंधकाचं मलम दिलं होतं. दुसऱ्या कुणाचा हात त्यांना चालत नसे. रोज सकाळी त्यांच्या पाठीला मलम चोळून, साबणानं हात धुऊन ती दुकानात येई. वास नखांत राहायचाच. नाकाला सवय झाली होती. गंधक लागलं की चांदी काळी पडते, हे ती स्वतः गिऱ्हाइकांना सांगत आली होती. बाकीचे दागिने ती मऊ फडक्यानं उचली. पण हूक काही फडक्यानं लावता येत नाही.

तिनं तिथल्या तिथं ताईंना सगळं सांगितलं. नोकरी गेली, असं धरूनच चालली होती. ताई ऐकत राहिल्या आणि चक्क हसल्या. "एवढंच? अहो, रबरी हातमोजे घालून लावा मलम! उद्या घेऊन या त्या पोरीला. मी बोलते तिच्याशी."

मावशी तरंगतच बहिणीच्या घरी गेली. वाटेत तिनं सगळं जुळवलंसुद्धा: आधी स्वतःचा कान धरायचा, मग ताईंचा निरोप, मग झिपरी थोडी रुसेल, मग हसेल. बहिणीनं दार उघडलं आणि पाठ फिरवून ती आत गेली. झिपरी जेवणाच्या टेबलाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मावशीनं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मलम, बोटं, हातमोजे, ताई.

"मला माहीत होतं," झिपरी म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तुझ्या हातांनी होतंय ते. तू केस वर धरायचीस ना, तेव्हा मलमाचा वास यायचा. आजोबांना भेटायला आले होते, तेव्हा ते मलम मी चांदीला लावूनही बघितलं."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"तुझी नोकरी गेली असती तर? आजोबांचं औषध तुझ्या पगारातून येतं. मला काय, दुसरीकडं मिळालं असतं काहीतरी." तिनं शर्टाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "माझा घाम म्हणालीस, बापाकडचं म्हणालीस, ते सगळं मी गिळलं. हातमोज्यांचं मला सुचलं नाही, नाहीतर त्याच दिवशी आणून दिले असते."

"मग आता चल की. सगळं मिटलंय."

"मी नाही येणार, मावशी."

"अगं, चूक झाली म्हणतेय ना मी!"

"चुकीचं नाही गं." झिपरीनं पहिल्यांदा वर पाहिलं. "त्या दिवशी तू माझी मान सगळ्यांना दाखवलीस ना? दाखवून झाल्यावर तू रुमाल काढलास आणि हात पुसलेस. एकेक बोट पुसलंस. मी आरशात बघत होते."

मावशीनं खूप आठवून पाहिलं. कॉलर आठवली, बडबडीचं हसणं आठवलं. रुमाल काही केल्या आठवेना. पण पोरगी खोटं बोलत नाही, हे तिला तिच्या लहानपणापासून ठाऊक होतं.

"चहा घेशील ना?" झिपरीनं विचारलं. आवाजात राग नव्हता, पाहुण्यांना विचारतात तसं ती विचारत होती. उठून ती ओट्याकडं वळली. तिची मान मावशीच्या समोर, हातभर अंतरावर होती. मावशीचा हात आपसूक पुढं झाला. बोटं मानेपाशी पोचली आणि थांबली. काही केल्या तिच्यानं ती टेकवेनात.